मिस वर्निसचा पलंग

आमच्या जिल्ह्यात चाळिशी ओलांडलेला असा माणूस शोधून सापडायचा नाही, ज्याने शाळेत असताना मिस वर्निस पेटिफर्ड यांच्या हातचे लोण्याचे पाव खाल्ले नाहीत. मग तो गोरा असो की काळा, शेरीफ असो की शेरीफने धरून नेलेला असो. त्या शाळेच्या भोजनगृहात स्वयंपाकीण होत्या. सकाळी भट्टीतून पावांचा वास सुटला की वर्गावर्गांतून मास्तरांचं शिकवणं आपोआप मंदावायचं, आणि मुलांचं लक्ष तर तोवर केव्हाच जिन्याखाली पोचलेलं असायचं.

मी त्यांच्या समोरच्या घरात राहतो. नोकरीत होतो तेव्हा त्यांचं टपालही मीच टाकायचो. नवरा थॅडियस गेल्यावर त्या एकट्याच होत्या. बुटक्या, अंगाने रुंद, गुडघे कुरकुरणारे, पण आवाज असा की चर्चमध्ये त्यांनी सूर लावला की पियानो वाजवणारा पियानो सोडून त्यांच्याकडे बघायचा. एक जांभळी हॅट होती. ती ईस्टरला निघायची आणि मतदानाच्या दिवशी निघायची. एरवी खोक्यात. अशा बाईच्या झोपायच्या खोलीत एक दिवस सरकारी मोजणीदार टेप घेऊन उभा राहील, असं कुणी सांगितलं असतं तर आम्ही त्याला डॉक्टरकडे नेलं असतं.

झालं होतं असं. ते घर थॅडियसने स्वतः बांधलेलं. ज्या जागी बांधलं तिथून पूर्वी एक ओढा वाहायचा. पुढे सरकारने तो ओढा नळात घालून रस्त्यापलीकडे वळवला, जमीन सुकली, आणि थॅडियसने ती स्वस्तात उचलली. जमिनीवरून ओढा गेला, पण नकाशावरून जायचा राहिला. मग राजधानीतल्या मंडळींनी मतदारसंघांच्या रेषा नव्याने आखल्या. दर शिरगणतीनंतर आखतातच. ज्या पक्षाच्या हातात पेन्सिल असते, त्याच्या सोयीने रेषा वाकते. आमचा तीन नंबरचा मतदारसंघ नकाशावर दारात चेंगरलेल्या पालीसारखा दिसायचा. तुरुंग आत, तुरुंगासमोरची वस्ती बाहेर. कॉलेज आत, कॉलेजचं वसतिगृह बाहेर. शेपटीपाशी येईतो आखणारा कंटाळला असावा. त्याने तिथे लिहून टाकलं, ‘इथून पुढे ओढ्याच्या काठाने.’ आणि कागदावरचा तो ओढा मिस वर्निसच्या स्वयंपाकघरात शिरून झोपायच्या खोलीच्या खिडकीतून बाहेर पडत होता.

हे कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. दोन्ही मतदारसंघांच्या उमेदवारांची पत्रकं त्यांच्या पत्त्यावर यायची, ती मी इमानेइतबारे टाकायचो. मला वाटायचं, छापखानेवाल्यांचा गोंधळ आहे. मिस वर्निस ती सगळी पत्रकं मांजराच्या खोक्यात अंथरायच्या. पक्षभेद करायच्या नाहीत.

त्या वर्षी तीन नंबरमधून जिल्हा मंडळासाठी दोघं उभे होते. डेमोक्रॅटांचा मार्विन थॉर्प. हा आमच्यातलाच, काळा. अंत्यविधीचा पिढीजात धंदा, त्यामुळे जिल्ह्यातलं प्रत्येक काळं घर कधी ना कधी त्याच्या दारात गेलेलं. आणि रिपब्लिकनांचा ड्वाइट हनीकट, ट्रॅक्टर आणि गवत कापायची यंत्रं विकणारा गोरा, गुलाबी मानेचा, गडगडाटी हसणारा. दोघंही लहानपणी मिस वर्निसच्या रांगेत ताट घेऊन उभे राहिलेले.

मतदानाच्या दिवशी मिस वर्निस हॅट घालून, माझ्या गाडीतून, नेहमीप्रमाणे चर्चच्या हॉलमध्ये गेल्या. टेबलामागच्या मुलीने नाव शोधलं, सापडलंही. तेवढ्यात हनीकटच्या बाजूचा एक निरीक्षक खुर्चीतून उठला. कुणाकुणाचे पत्ते संशयाचे आहेत ते तो घरून शोधून आला होता.

“यांचं घर चार नंबरमध्ये येतं,” तो म्हणाला.

“माझं घर माझ्या जागेवर आहे,” मिस वर्निस म्हणाल्या. “कुठे आलं नाही, गेलं नाही.”

वाद वाढला. शेवटी त्यांना तात्पुरती मतपत्रिका देण्यात आली. म्हणजे मत द्यायचं, पण ते पेटीत टाकायचं नाही, पाकिटात बंद करून वर नाव लिहायचं. नंतर पत्ता बरोबर ठरला तर मोजायचं, नाहीतर राहिलं.

“पाकिटात?” मिस वर्निस त्या मुलीला म्हणाल्या. “बाळा, मी मत द्यायला आलेय की कुणाच्या लग्नाला आहेर द्यायला?”

मुलगी हसली, पण मिस वर्निस हसल्या नाहीत. त्यांना राग यायला कारण होतं. तरुणपणी पहिल्यांदा नाव नोंदवायला गेल्या, तेव्हा आमच्या राज्यात काळ्या माणसाला राज्यघटनेतला उतारा वाचून दाखवावा लागे. नोंदणी कारकून ऐकायचा आणि ठरवायचा. मिस वर्निसनी खडाखडा वाचलं. कारकून म्हणाला, “पाठ करून आलीस. हे वाचणं नव्हे.” पुढच्या खेपेला त्यांनी सावकाश वाचलं. तो म्हणाला, “अडखळतेस.” तिसऱ्यांदा ना धड हळू, ना धड भरभर, असं घरी आरशासमोर सराव करून गेल्या, तर कारकून जेवायला गेला होता आणि संध्याकाळपर्यंत त्याचं जेवण काही संपलं नाही. पुढे वॉशिंग्टनला कायदा झाला, परीक्षा गेली. त्याच टेबलाशी, त्याच कारकुनाने त्यांचं नाव लिहून घेतलं आणि विचारलं, “शाळेतले ते पाव तूच करतेस का गं? माझा नातू सांगत असतो.” मिस वर्निस म्हणाल्या, “हो. पण कृती वाचून दाखवायला सांगू नका.”

असो. रात्रीपर्यंत मोजणी झाली आणि जिल्ह्याची झोप उडाली. थॉर्प आणि हनीकट यांना सारखी मतं. इकडचं एक नाही, तिकडचं एक नाही. बाकीची पाकिटं एकेक करून निकालात निघाली आणि टेबलावर एकच पाकीट उरलं. वर सुवाच्य अक्षरात ‘वर्निस पेटिफर्ड’.

आता पाकिटात काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि सगळ्यांनाच माहीत होतं. ऐंशीच्या घरातली काळी बाई, चर्चची गायिका. थॉर्पचे लोक म्हणाले, मत आपलंच. हनीकटचे लोकही म्हणाले, मत त्यांचंच. यावर दोन्ही पक्षांचं इतकं एकमत आमच्या जिल्ह्यात पूर्वी कशावरच झालं नव्हतं. त्यामुळे थॉर्पला बाई तीन नंबरमध्ये हव्या होत्या आणि हनीकटला चारमध्ये.

निवडणूक मंडळाने मोजणीदार पाठवला. त्याने अंगणात गुलाबी रंगाचा फवारा मारत मारत रेघ ओढली, ती भिंतीला टेकली. मग दार वाजवून तो अदबीने म्हणाला, “मिस वर्निस, मला जरा आतून जायला लागेल.” स्वयंपाकघरातून गुलाबी सुतळी निघाली, चुलीला उजवीकडे आणि फ्रिजला डावीकडे ठेवून पुढे गेली, झोपायच्या खोलीत शिरली आणि पलंगावर आडवी झाली. उशी आणि अर्धी रजई तीन नंबरमध्ये. उरलेली रजई, पायथा आणि मांजर चार नंबरमध्ये.

“हे काढणार कधी?” मिस वर्निसनी विचारलं.

“सुनावणी होईपर्यंत असू द्या. पुरावा आहे.”

“आणि मी झोपू कशी?”

“रोज झोपता तशीच झोपा, बाई. मुद्दा तोच आहे.”

खरंच मुद्दा तोच होता. आमच्या राज्याच्या कायद्यात लिहिलंय की घर दोन मतदारसंघांत विभागलं गेलं, तर माणूस जिथे झोपतो तो त्याचा मतदारसंघ. पलंगच विभागला गेला तर काय, हे लिहायचं कुणाला सुचलं नव्हतं.

पहिली सुनावणी कोर्टाच्या जुन्या इमारतीत झाली. मंडळाचे अध्यक्ष विल्बर टिलेट, निवृत्त बँक मॅनेजर, कुणालाही न दुखावता आयुष्य काढलेला माणूस. हनीकटचे वकील प्रुइट, उंच, लाल टाय. थॉर्पचे वकील अ‍ॅलस्टन, बुटके, निळा टाय. गावात दुसरी करमणूक नसल्याने बाक गच्च भरलेले.

प्रुइट उठले. “महाशय, माणूस लांबीने मोजला तर या बाईंचा अर्ध्याहून अधिक भाग चार नंबरमध्ये झोपतो. लोकशाहीत बहुमत ज्याचं, त्याचं राज्य.”

मागून कुणीतरी टाळी वाजवली.

अ‍ॅलस्टन उठले. “मत पाय देतात का? मत डोकं देतं! डोकं तीन नंबरमध्ये उशीवर असतं. पायांना राजकीय विचार असल्याचा एकही दाखला माझ्या विद्वान मित्रांनी दिलेला नाही.”

“मतदान केंद्रापर्यंत डोकं चालत जातं काय?” प्रुइट ओरडले.

“मी गाडीने गेले होते,” मिस वर्निस म्हणाल्या.

टिलेटसाहेबांनी घाम पुसला. बाहेर नोव्हेंबरचा गारठा होता. ते म्हणाले, “मी राज्यघटना पुन्हा वाचली. तिच्यात राजकीय पक्षांचा उल्लेख नाही, आणि पलंगाचाही नाही. मिस वर्निस, तुम्हीच सांगा. तुम्ही झोपता कशा?”

“माझी आई मला झोपवायची तशी. कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन.”

दालनात कुजबुज पसरली. गुडघे पोटाशी घेतले तर बाई अख्ख्याच्या अख्ख्या तीन नंबरमध्ये मावत होत्या. अ‍ॅलस्टन आनंदाने टेबलावर थाप मारून उठले. प्रुइटनी ताबडतोब हरकत घेतली की या वयात, इतकी दुखरी ढोपरं असताना, कुणी रात्रभर पाय मुडपून झोपूच शकत नाही, याची प्रत्यक्ष पाहणी व्हावी.

“रात्री माझ्या घरात परपुरुष येणार नाहीत,” मिस वर्निस म्हणाल्या. “दुपारी जेवणानंतर मी पडते जरा. तेव्हा या. आणि पाय पुसून या.”

ती पाहणी मी डोळ्यांनी पाहिली. तटस्थ शेजारी म्हणून मला खोलीच्या कोपऱ्यात उभं केलं होतं. टिलेटसाहेब पायथ्याशी लाकडी खुर्चीवर. एका बाजूला अ‍ॅलस्टन, मांडीवर वही. दुसऱ्या बाजूला, उशीपाशी, थॅडियसच्या जुन्या आरामखुर्चीत प्रुइट. मिस वर्निस पूर्ण पोशाखात, फक्त बूट काढून पलंगावर आडव्या झाल्या. त्यांच्यावरून ती गुलाबी सुतळी.

“हं, झोपा आता,” टिलेटसाहेब हळूच म्हणाले.

“विल्बर, तू असा टक लावून बघत असताना? थॅडियसलासुद्धा मी असं बघू दिलं नाही कधी.”

टिलेटसाहेबांनी मान वळवून छताकडे पाहायला सुरुवात केली. स्वयंपाकघरातून पावाचं पीठ फुगल्याचा आंबूस वास येत होता. बाहेर कुणाचं तरी कुत्रं भुंकलं. मांजर चार नंबरमधून उठलं, अंग ताणून, सुतळी ओलांडून तीन नंबरमध्ये जाऊन बसलं. अ‍ॅलस्टननी तेही लिहून घेतलं.

आणि मग घोरण्याचा आवाज आला. आम्ही सगळ्यांनी पलंगाकडे पाहिलं. मिस वर्निसचे डोळे टक्क उघडे होते. घोरत होते प्रुइट. मान मागे, तोंड उघडं, लाल टाय पोटावर वरखाली होतोय.

“कायद्याने,” अ‍ॅलस्टन कुजबुजले, “हे आता तीन नंबरचे मतदार झाले.”

मिस वर्निस उठल्या, बूट घातले. “झोपू दे बिचाऱ्याला. वकिलीत दमतात. तुम्ही बाहेर या, पाव भट्टीत टाकते.”

आम्ही स्वयंपाकघरात बसलो. पाव आले, लोणी आलं, वासाने प्रुइटही डोळे चोळत आले. दोन घास पोटात गेल्यावर माणसं मऊ होतात. टिलेटसाहेब शाळेच्या आठवणी काढायला लागले, आणि मिस वर्निस हात पुसत सहज बोलून गेल्या,

“ड्वाइट हनीकट मात्र गुणी पोर होतं हो. रोज स्वतःचं ताट उचलून आणून द्यायचा, वर ‘थँक्यू मॅडम’ म्हणायचा. त्या काळात गोऱ्या पोरांनी मला मॅडम म्हणावं, ही काही लहान गोष्ट नव्हती. आणि मार्विनचं काय सांगू? माझ्या थॅडियसला नेताना त्याच्या शववाहिकेतलं पेट्रोल संपलं. भर चौकात! मागे सगळा समाज गाड्या घेऊन उभा, पुढे तो गॅलनचा डबा घेऊन पळतोय. मी त्याला माफ केलंय. पण विसरलेले नाही.”

प्रुइटचा घास हातातच राहिला. अ‍ॅलस्टनचा घशात अडकला, त्यांना पाणी द्यावं लागलं. दोघंही एकदम घड्याळ बघून उठले. निरोप घेताना प्रुइटनी मिस वर्निसचा हात दोन्ही हातांत धरला. येताना त्यांनी नुसती मान हलवली होती.

दुसऱ्या सुनावणीला मी मुद्दाम पुढच्या बाकावर बसलो. प्रुइट उठले, घसा खाकरला. “महाशय, माणसाची ओळख ती काय? त्याचं डोकं! त्याची बुद्धी, त्याची स्मृती, त्याची कृतज्ञता! या थोर बाईचं डोकं तीन नंबरमध्ये विसावतं. तिचं मत मोजलंच पाहिजे. न मोजणं हा घटनेचा अपमान आहे.”

अ‍ॅलस्टन अडखळत उठले. ते मुळात सज्जन होते, त्यांचे कान लाल झाले होते. “महाशय... पायांना कमी लेखणं योग्य नाही. माणूस उभा राहतो तो पायांवर. आणि लांबीचा विचार केला तर... म्हणजे बहुमत...”

टिलेटसाहेब एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिले. “थांबा. मागच्या वेळी डोकं कुणाचं होतं?”

“आमचं,” अ‍ॅलस्टन पुटपुटले.

“आणि पाय?”

“आमचे. पण आम्ही भूमिकेचा फेरविचार केलाय,” प्रुइट म्हणाले.

बाकांवर हशा पिकला. थॉर्प मागे बसून जमिनीकडे बघत होता. चर्चमधल्या बायका त्याच्याकडे अशा पाहत होत्या की त्याने आपली हॅट मांडीवर घट्ट धरली होती. एका काळ्या बाईचं मत बाद करा असं सांगायला त्याचाच वकील उभा राहिला होता, आणि ते पेट्रोलच्या एका गॅलनपायी.

तेवढ्यात मिस वर्निस उठल्या. जांभळी हॅट घालून आल्या होत्या.

“विल्बर, मला बोलायचंय. पलंग माझा. उशी माझी. मी कुठे झोपते ते मला विचारा, सुतळीला नको. मी तीन नंबरमध्ये झोपते. आता एक सांग. मी तीनमध्ये आहे असं ठरलं, तर तुम्ही त्या पाकिटाचं काय करणार?”

“उघडणार, मिस वर्निस. आणि मत मोजणार.”

“कुणासमोर?”

“इथेच. सर्वांसमोर. कायदाच आहे तसा.”

“म्हणजे एकच पाकीट, त्यावर माझं नाव, आणि हा सगळा गाव बघतोय. मग माझं मत गुप्त राहिलं कसं?”

टिलेटसाहेब समोरचे कागद चाळायला लागले.

“मी पहिल्यांदा मत देऊन आले,” मिस वर्निस म्हणाल्या, “तेव्हा दुसऱ्या दिवशी भोजनगृहाच्या साहेबिणीने मला विचारलं, कुणाला दिलंस? मी म्हटलं, ते माझं आणि देवाचं. त्या उन्हाळ्यात मला काम मिळालं नाही. थॅडियस म्हणाला, सांगून टाकायचं होतंस, खोटं का होईना. मी सांगितलं नाही. त्यालाही कधी सांगितलं नाही, आणि आम्ही जन्मभर याच पलंगावर झोपलो. आता तुम्ही मला इथे बसवून ते पाकीट फाडणार? माझं मत चारचौघांसारखं पेटीत पडेल. बाकीच्यांच्या मतांत मिसळेल. मग मोजा.”

“पण बाई,” टिलेटसाहेब काकुळतीला आले, “दोघांना सारखी मतं आहेत. पेटीत टाकून पुन्हा मोजलं तरी ज्याचं एक वाढेल, त्याला तुम्ही दिलं हे शेंबड्या पोरालाही कळेल!”

“ते गणित तुझं, विल्बर. बँकेत होतास ना? माझं मत पेटीत गेलं पाहिजे.”

मंडळ आत जाऊन बसलं. मंडळावर दोन्ही पक्षांची माणसं होती, आणि एरवी चहा की कॉफी यावरही त्यांचं भांडण व्हायचं. पण आता कुणालाच खात्री राहिली नव्हती की पाकिटात काय आहे. खात्री गेली की माणसं न्यायाने वागायला लागतात, दुसरं काही सुचत नाही म्हणून. बाहेर येऊन त्यांनी एकमताने जाहीर केलं: बाई तीन नंबरच्या, मत पेटीत मिसळायचं, सगळी मतं हाताने पुन्हा मोजायची.

मोजणी शाळेच्या भोजनगृहात ठेवली, कारण तेवढी लांब टेबलं तिथेच होती. मिस वर्निसची मतपत्रिका घडी न उघडता पेटीत गेली, पेटी हलवली गेली. मग दोन्ही पक्षांचे लोक समोरासमोर बसले आणि मोजायला लागले.

आणि तिथे देवाने हात घातला म्हणा, किंवा माणसाने. अग्निशमन केंद्रावर मतदान ठेवलं होतं, त्याच दिवशी तिथे पॅनकेकची न्याहारीही होती. मेपलच्या पाकाने तिथल्या काही मतपत्रिका एकमेकींना चिकटलेल्या निघाल्या. यंत्राने त्यांचा एकच कागद धरला होता. त्या वाफेवर धरून सोडवाव्या लागल्या. एकाने नावासमोरचा गोल भरायच्या ऐवजी हनीकटच्या नावाभोवती हृदय काढलं होतं. यंत्राला हृदय वाचता आलं नव्हतं. त्यावर वाद झाला, ते प्रेम आहे की मत. एकाने दोघांचीही नावं खोडून खाली ‘माझा मेहुणा’ लिहिलं होतं, मेहुण्याचं नाव न देता. पहिली मोजणी संपली तेव्हा थॉर्प पुढे. हनीकटच्या लोकांनी पुन्हा मोजायला लावलं. आता हनीकट पुढे. तिसऱ्यांदा मोजलं तर एकूण मतांचाच आकडा वेगळा आला. टिलेटसाहेब डोक्याला हात लावून बसले. बँकेत असं झालं असतं तर ते तुरुंगात गेले असते.

शेवटी एकेक मतपत्रिका वर धरून, मोठ्याने वाचून, दोन्ही बाजूंनी मान डोलावल्यावरच ढिगात ठेवायची, असं ठरलं. त्यात दिवस गेला. थॉर्प मूठभर मतांनी निवडून आला. हृदय मत म्हणून धरलं गेलं, पाक लागलेल्या पत्रिका दोघांनाही वाटल्या गेल्या, आणि आधीच्या कुठल्याच आकड्याचा कुठल्याच आकड्याशी मेळ बसेना. त्या सगळ्या गोंधळात मिस वर्निसचं एक मत कुठे पडलं, हे टिलेटसाहेबांनी कागदावर बेरजा-वजाबाक्या करूनही कुणाला सांगता आलं नाही.

मिस वर्निस दिवसभर तिथेच बसून होत्या. निकाल ऐकला, हॅट नीट केली आणि मला म्हणाल्या, “चल, कार्व्हर. घरी मांजर एकटं आहे.”

संध्याकाळी मार्विन थॉर्प त्यांच्या दाराशी आला, हातात नारळाचा केक. पायऱ्यांवरूनच बोलायला लागला, “मिस वर्निस, वकिलाने मला न विचारता... म्हणजे विचारलं होतं, पण मी... मला लाज वाटते. तुमच्या मताने मी निवडून आलो.”

“देव तुझं भलं करो,” मिस वर्निस म्हणाल्या आणि केक घेतला.

दुसऱ्या दिवशी ड्वाइट हनीकट आला, भलामोठा हॅम घेऊन. “हरलो ते हरलो, मॅडम. पण तुम्ही मला मत दिलंत, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.”

“देव तुझं भलं करो,” त्या म्हणाल्या आणि हॅम घेतला.

आमच्याकडे या आशीर्वादाचे पाच-सहा अर्थ होतात आणि सगळे चांगले नसतात. दोघंही समाधानाने गेले. हॅम आणि केक खायला मला बोलावलं होतं. मी फार दिवसांची ओळख काढून विचारून पाहिलं, “आता तर सांगा. कुणाला दिलंत?”

त्यांनी माझ्या ताटात आणखी एक तुकडा वाढला. “खा,” म्हणाल्या. “थंड होतंय.”

“हॅम थंडच आहे, मिस वर्निस.”

“मग आणखी थंड होईल.”

पुढे शिरगणती झाली. राजधानीत पेन्सिल दुसऱ्या हातात गेली, नवा नकाशा आला. तीन नंबरची पाल गेली, तिच्या जागी नकाशावर बूट दिसायला लागला. रेषा कुठल्या कुठे लांब, पार रेल्वे फाटकापलीकडे सरकली. मिस वर्निसचं घर चुलीसकट, पलंगासकट पाच नंबरमध्ये गेलं. त्यांचं मत मागायला कुणी वकील फिरकला नाही. त्यांना ते थोडं लागलं होतं असं मला वाटतं. एकदा पायरीवर बसून शेंगा सोलताना म्हणाल्या, “सुतळीवाला पोरगा भला होता. पाय पुसून यायचा.”

गुडघे फारच बोलायला लागले तेव्हा मी आणि माझ्या मुलाने तो पलंग झोपायच्या खोलीतून काढून पुढच्या खोलीत, खिडकीशी लावला. म्हणजे उठायचे कष्ट कमी आणि रस्त्यावरची वर्दळ दिसते.

गेल्या निवडणुकीला त्यांना चालवेना. आमच्याकडे अशा माणसाला गाडीतच बसून मत देता येतं. केंद्रावरची बाई मतपत्रिका आणि पेन घेऊन गाडीपाशी येते. मी गाडी चर्चच्या दाराशी उभी केली. बाई आली, खिडकीतून कागद आत दिला.

“कार्व्हर,” मिस वर्निस म्हणाल्या, “उतर.”

“मी तिकडे बघतो, मिस वर्निस. गार वारा सुटलाय.”

“कोट आहे ना अंगात? उतर.”

मी उतरलो. वाहनतळाच्या पार टोकाला, कचऱ्याच्या डब्यापाशी जाऊन उभा राहिलो, पाठ फिरवून. ती केंद्रावरची बाईही दोन पावलं मागे सरली. बराच वेळ लागला. त्या प्रत्येक नाव वाचायच्या, अगदी मृदा आणि जलसंधारण मंडळाच्या उमेदवारापर्यंत. माझी बोटं बधिर झाली. मग काचेवर अंगठीची टकटक ऐकू आली आणि मी वळलो. कागद घडी घालून त्या बाईच्या हातात गेलेला होता. मिस वर्निस आरशात बघून हॅटची पिन काढत होत्या.

“फार गारठलास?” त्यांनी विचारलं.

“फार.”

“मग हीटर लाव,” त्या म्हणाल्या, “आणि बाजारावरून घे. घरातलं यीस्ट संपलंय.”